एकमताने मंजूर झालेली मोकळी जागा

गल्लीतल्या सगळ्या पुढाऱ्यांना एका खोलीत बसवायची कल्पना माझी. हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर दुसरं कोणीतरी सांगेल आणि माझ्यापेक्षा रंगवून सांगेल. वरच्या मजल्यावरच्या काकांनी तर सुरुवातही केली आहे. त्यांच्या सांगण्यात मी खिडकीत अडकतो. मी अडकलो नव्हतो. मला थोडा वेळ लागला, एवढंच.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला, शिवणकाम करणाऱ्या ताई राहतात. खोली एकच. पुढच्या अर्ध्यात मशीन, मागच्या अर्ध्यात संसार. खोलीसमोर फरशीचं अंगण आणि अंगणाच्या कडेने गल्लीचं गटार. गटार तुंबलं की पाणी आधी अंगणात येतं, मग उंबरा ओलांडून मशीनखाली. एके सकाळी ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात ओली चप्पल होती.

"भाऊ, इमारतीचे सेक्रेटरी तुम्हीच ना?"

हा प्रश्न आला की मी सहसा "तसं नावालाच" असं म्हणून दार लोटून घेतो. पण मागे बायको उभी होती. मी "हो" म्हणालो.

"मोठ्या दवाखान्याचं काम मिळालंय," ताई म्हणाल्या. "पेशंटचे झगे शिवायचेत. सोमवारी सकाळी त्यांची गाडी येणार न्यायला. वेळेवर आणि स्वच्छ गेले तर कायमचं काम देतो म्हणालेत. तेवढं गटाराचं बघा. त्या पाण्याचा एक थेंब लागला तरी दवाखाना कपडा घेणार नाही."

"सोमवारच्या आत होऊन जाईल," मी म्हणालो. "तुम्ही निश्चिंत शिवत बसा."

माझ्या नोकरीविषयी इथे दोन शब्द सांगायला हवेत. मी कचेरीत आवक-जावक सांभाळतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा आणि पुढच्या टेबलावर पाठवायचा. इतक्या वर्षांत माझ्या टेबलावर एकही कागद अडलेला नाही, याचा मला अभिमान आहे. म्हणजे होता.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गटाराच्या कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "गटार आमच्याकडे. झाकण रस्ते विभागाकडे."

"पण झाकण उघडल्याशिवाय गटार साफ कसं होणार?"

"त्यासाठी दोन्ही विभाग एकत्र यावे लागतात."

"ते कधी एकत्र येतात?"

बाईंनी खरोखरच विचार केला. "कोणी रिटायर झालं की," त्या म्हणाल्या.

शेवटी आमच्या भागाचे स्वच्छता निरीक्षक भेटले. भला माणूस. खिशाला दोन पेनं आणि दोन्हींतली शाई संपलेली. "गटार काय, उद्या साफ करून देतो," ते म्हणाले, "झाकणाचंही बघतो मी. पण परवा पुन्हा तुंबणार. लोक कचरा गटारात टाकतात, कारण कचऱ्याची गाडी गल्लीत शिरत नाही. शिरत नाही, कारण दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या. समोरच्या इमारतीच्या अध्यक्षांना सांगा."

अध्यक्ष म्हणजे भारदस्त आवाजाचे गृहस्थ. "नमस्कार" म्हणाले तरी सभा सुरू झाल्यासारखं वाटतं. "आमच्या मोटारी बाहेर का? तर आत जायच्या वाटेवर भाजीच्या हातगाड्या. पैलवानाला विचारा."

पैलवान हा भाजीवाल्यांचा पुढारी. अंगाने काडी आहे, म्हणून पैलवान. त्याने भेंडीवर पाणी शिंपडत सांगितलं, "साहेब, आमची जागा शाळेच्या मोठ्या फाटकापाशी. ते फाटक मुख्याध्यापिका बाईंनी बंद केलं. तिकडे आता कुत्रं फिरकत नाही. धंदा कुणाला विकायचा, भिंतीला?"

मुख्याध्यापिका बाईंनी मला आधी उभं ठेवलं, मग बसायला सांगितलं आणि मी खुर्ची ओढली तर म्हणाल्या, "उचलून ठेवा, ओढू नका." मग म्हणाल्या, "फाटकासमोर कचराकुंडी आहे. पोरं नाक दाबून प्रार्थना म्हणतात. कुंडी हलवा, फाटक उघडते."

कुंडी निरीक्षकांची. आणि कुंडी तिथे का? तर कचऱ्याची गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून.

घरी येऊन मी एका कागदावर हे सगळं बाणांनी काढलं. गटारापासून निघालेला बाण कचरा, मोटारी, हातगाड्या, फाटक असं करत कुंडीवरून परत कचऱ्याच्या गाडीवर आला, तेव्हा मी खोलीत एकटाच असूनही उठून उभा राहिलो. एवढी वर्षं ही माणसं एकमेकांच्या नावाने बोटं मोडत होती आणि सगळ्यांचं दुखणं एकच होतं! हे कोणाच्या लक्षात आलं? आवक-जावक कारकुनाच्या. बायकोने कागद उलटसुलट फिरवून पाहिला.

"यात ताईंचं दार कुठंय?"

"ताई हा परिणाम आहे," मी म्हणालो. "मी कारणांचं चित्र काढलंय."

"बरं," ती म्हणाली आणि कांदा चिरायला गेली. तिच्या "बरं"ला मी घाबरायला हवं होतं.

पुढाऱ्यांची बैठक आमच्या घरी ठरली. आमच्याकडे हाताची खुर्ची एकच आहे. तिच्यावर अध्यक्ष आधी बसले. मुख्याध्यापिका बाई उभ्याच राहिल्या आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे बघावं तशा खुर्चीकडे बघत राहिल्या. अध्यक्ष उठले. मग बाई म्हणाल्या, "छे छे, बसा ना," म्हणून ते बसले. बाई पुन्हा बघू लागल्या. शेवटी तिच्यावर कोणीच बसायचं नाही असं ठरलं आणि पहिल्याच प्रश्नावर एकमत झालं म्हणून मी मनातल्या मनात खूश झालो. वरचे काका बोलावलं नसताना आले आणि बोलता बोलता त्या खुर्चीवर बसले.

"मला समितीत घेतलं नाहीस ते उत्तम केलंस," ते म्हणाले. "मी फक्त सल्ला देणार."

चित्र सगळ्यांना पटलं. इतकं पटलं की प्रत्येकजण आपल्याकडे येणाऱ्या बाणावर बोट ठेवून म्हणू लागला, "मी कधी नाही म्हटलं? आधी यांनी करावं." निरीक्षक म्हणाले, आधी मोटारी. अध्यक्ष म्हणाले, आधी हातगाड्या. पैलवान म्हणाला, आधी फाटक. बाई म्हणाल्या, आधी कुंडी. चहा दोनदा झाला. काकांनी सुचवलं की गल्लीच बदलावी.

तेव्हा मला ते सुचलं. मला अजून आठवतं, मी स्टुलावरून उठलो होतो.

"आधी कोणीच नाही!" मी म्हणालो. "सगळ्यांनी एकाच वेळी! रविवारी सकाळी शिट्टी वाजली की मोटारी, हातगाड्या, कुंडी, सगळं एकदम हलवायचं. फाटक उघडलं, गल्ली मोकळी झाली, की गटार साफ!"

टाळ्या पडल्या. पैलवानाने माझ्या पाठीवर थाप मारली. अध्यक्षांनी मला निमंत्रक म्हणून जाहीर केलं आणि ठरावावर माझी सही घेतली. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "अक्षर चांगलं आहे." लहानपणी हे कोणी म्हणालं नव्हतं.

रात्री जेवताना बायको म्हणाली, "हलवायचं म्हणजे कुठे हलवायचं?"

"ते ज्याचं तो बघेल."

ज्याचं तो बघायला माझ्याकडेच आला. शनिवारी सकाळी जिन्यात अध्यक्षांनी मला गाठलं. आवाज शक्य तितका खाली आणून (म्हणजे फक्त दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल इतका) म्हणाले, "आमच्या चार मोटारी तासभर कुठेतरी लावायच्यात. तुमच्या त्या शिवणवाल्या बाईंसमोर मोकळी जागा आहे ना?"

आता, माणूस जिन्यात हात धरून विचारतोय, प्रकल्प तोंडावर आलाय, चार मोटारींपायी सगळं मोडायचं का? आणि तासाभराचा तर प्रश्न. मी म्हणालो, "हो, लावा."

दुपारी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. मोठ्या फाटकाच्या आतल्या बाजूला जुन्या मोडक्या बाकांचा ढीग होता. तो हलवल्याशिवाय फाटक उघडणार कसं? मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे जागा आहे असं ऐकलं." त्या "ऐकलं" म्हणाल्या की आपण आधीच चूक केलेली असते. मी "हो" म्हणालो. संध्याकाळी पैलवान दोन कणसं घेऊन आला. फाटकापाशी बाजार मांडायच्या आधी ती जागा धुवायची होती, तेवढ्यापुरत्या हातगाड्या ठेवायला कुठेतरी जागा हवी होती. कणसं घेऊन झाली होती. मी "हो" म्हणालो. निरीक्षक आले ते तर हातात नकाशा घेऊन. नवी जागा मंजूर होईपर्यंत कुंडी कुठे ठेवायची? त्यांनी नकाशातल्या एका पांढऱ्या चौकोनावर बोट ठेवलं. त्यात कोणाचंच नाव नव्हतं. मी "हो" म्हणालो.

प्रत्येकाला वाटलं, जागा फक्त आपल्यालाच दिली आहे. आणि मला वाटलं, प्रत्येकाचं थोडंसंच तर आहे. शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचं, याची एवढी सवय झाली होती, की चारही कागद एकाच टेबलावर जमताहेत हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही. ताईंना विचारायला मात्र मी गेलो होतो. दारापर्यंत गेलो होतो. आतून मशीनचा आवाज येत होता, एकसारखा. इतक्या मन लावून चाललेल्या कामात कशाला व्यत्यय आणायचा, असं स्वतःला सांगून परत फिरलो. या वाक्याची मला आज जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

रविवारी शिट्टी मीच वाजवली.

अशी मोहीम आमच्या गल्लीने पाहिली नव्हती. मोटारी सुरू झाल्या, हातगाड्या खडखडल्या, शाळेचे शिपाई बाकं उचलून धावू लागले, कुंडी लोखंडी चाकांवर किंचाळत निघाली. मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून हात हलवत होतो. काही वेळातच गल्ली आरपार दिसू लागली. समोरच्या टोकाला शाळेचं फाटक सताड उघडं. कचऱ्याची गाडी आत शिरली, तेव्हा गॅलरीतून लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो काढला. त्यात मी मधोमध आहे, छाती पुढे आणि शिट्टी तोंडात.

"आता गटार," निरीक्षक म्हणाले. "झाकण कुठंय?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी अंगणाकडे बघितलं. तिथे अंगण नव्हतं. भिंतीला लागून मोटारी, मोटारींना चिकटून हातगाड्या, हातगाड्यांवर बाकं आणि सगळ्यांच्या पुढे, बरोबर झाकणावर, भरलेली कुंडी. आणि त्या ढिगाच्या पलीकडून, शांतपणे, कोणीतरी म्हणत होतं, "भाऊ, दार उघडत नाहीये."

ताईंचं दार बाहेर उघडतं. बाहेर मोटार होती.

"मोटार काढा!" मी ओरडलो. अध्यक्ष म्हणाले, "काढतो, आधी हातगाड्या काढू द्या." पैलवान म्हणाला, "काढतो, आधी त्यांवरची बाकं." बाईंचे शिपाई म्हणाले, बाकं न्यायला कुंडी आडवी येतेय. निरीक्षक म्हणाले, कुंडी नेणारी गाडी दुपारनंतर मिळेल. गल्लीभर पसरलेलं माझं चित्र आता एका अंगणात नीट बसलं होतं, बाणांसकट.

तेवढ्यात काका वरून ओरडले, "अरे, पाणी!"

कुंडीच्या वजनाने झाकण दबलं होतं, आणि गटाराला जिथून वाट मिळाली तिथून ते बाहेर येऊ लागलं होतं. आतून ताईंचा आवाज आला. तो आता शांत नव्हता. "झगे खाली आहेत! सगळे गठ्ठे खाली आहेत!"

खिडकी होती. बाकांवर चढून, मोटारीच्या टपावरून, मी खिडकीत शिरलो. थोडा वेळ लागला. पैलवानाने मागून ढकललं, ताईंनी पुढून ओढलं. आत गुडघ्याएवढं नव्हतं, पण घोट्यापर्यंत पाणी आलंच होतं. ताई पलंगावर गठ्ठे चढवत होत्या. मी गठ्ठा उचलून खिडकीतून दिला तो पैलवानाने घेतला, त्याने अध्यक्षांना दिला, अध्यक्षांनी बाईंना आणि बाईंनी निरीक्षकांना. कोणी कोणाला "आधी तुम्ही" म्हणालं नाही. मुख्याध्यापिका बाई चिखलात अनवाणी उभ्या होत्या आणि अध्यक्षांना म्हणत होत्या, "वर धरा, वर!" आणि ते वर धरत होते. पुढाऱ्यांनी एकत्र येऊन काम करायचं म्हणतात ते मी तेव्हा प्रथमच पाहिलं. इतकं सुरेख होतं, की क्षणभर मी विसरलो ते कशापायी चाललं होतं.

वरचे गठ्ठे कोरडे निघाले. खालचे भिजले होते. शेवटी सुटं केलेलं मशीन आणि मागोमाग ताईही खिडकीतूनच निघाल्या, आणि मशीन आमच्या हॉलमध्ये, हाताच्या खुर्चीशेजारी ठेवलं गेलं. बायकोने कोणालाही न विचारता सगळं सामान बाजूला सारून जागा केली. मग माझ्याकडे बघितलं.  बोलली असती तर उत्तर तरी देता आलं असतं.

सोमवारी सकाळी दवाखान्याची गाडी आली. आलेल्या माणसाने कोरडे झगे मोजून घेतले, भिजलेल्यांकडे नुसतं पाहिलं. ताई म्हणाल्या, "उरलेले नव्या कापडाचे शिवून देते." तो म्हणाला, "साहेबांना सांगतो." मी मध्ये पडून सांगायला लागलो की यात ताईंची काही चूक नाही, एक संयुक्त मोहीम होती, एकमताने ठरलेली. तो म्हणाला, "आपण कोण?" मी म्हणालो, "निमंत्रक." त्याने ताईंकडे दयेने बघितलं आणि गेला. कायमचं काम दुसरीकडे गेल्याचा निरोप दुपारी आला. ताईंनी तो उभ्या उभ्या ऐकला, फोन ठेवला आणि मशीनवर बसल्या. दुसऱ्या कोणाची उशांची कव्हरं होती.

त्या आठवड्यात मी कचेरीत लवकर जाऊ लागलो. घरी हॉलमधून जाताना मान खाली घालायचो. ताई कधी काही लागेल असं बोलल्या नाहीत. "भाऊ, पंखा लावू का?" एवढंच विचारायच्या. माझ्याच घरात मला कोणी परवानगी मागतंय आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतंय, अशी अवस्था होती. काका रोज येऊन खिडकीची गोष्ट सांगायचे, आणि ताई त्यांच्या तोंडाकडे बघून हसायच्याही. मी आतल्या खोलीत बसून ते ऐकायचो.

अंगणातलं सगळं तसंच होतं. कुंडी ओढून झाकण मोकळं केलं होतं, गटारही साफ झालं होतं, पण बाकी सगळं 'तात्पुरतं' म्हणून तिथेच राहिलं होतं, आणि ताई आमच्याकडे.

मग समितीची आढावा बैठक झाली. जागा नेहमीचीच, म्हणजे आमचा हॉल. ताई कोपऱ्यात मशीनवर. कोणी त्यांना उठायला सांगितलं नाही, आणि कोणी त्यांच्याकडे बघितलंही नाही. पुढारी भारी खुशीत होते. गल्ली मोकळी, फाटक उघडं, कचऱ्याची गाडी रोज येते. चिखलात केलेल्या कामाने त्यांची मैत्रीही जमली होती. अध्यक्षांनी बाईंना स्वतःहून हाताची खुर्ची दिली.

"सगळ्यांचे प्रश्न सुटले," अध्यक्ष म्हणाले. "तेव्हा माझा प्रस्ताव असा, की सध्याची व्यवस्था कायम करावी. मोटारी, रात्रीच्या हातगाड्या, जुनी बाकं, कुंडी, सगळ्यांसाठी ती मोकळी जागा. खोलीही आता रिकामीच आहे, सामान ठेवायला होईल."

"शिवाय तिकडून आता तक्रारही नाही," निरीक्षक म्हणाले.

"एकमत?" बाईंनी विचारलं.

पैलवानाने हात वर केला, मग इतरांनी. काकांनीही केला, ते समितीत नसताना. कागद माझ्यापुढे आला. मोकळी जागा असं टाईप केलेलं होतं. अध्यक्षांनी आपलं पेन उघडून माझ्या हातात दिलं. कोपऱ्यात मशीन चालू होतं, उशांच्या कव्हरांवर, एकसारखं.  बाई माझ्या अक्षराची वाट बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो.

आवाज इतका बारीक आला की अध्यक्षांनी कानाशी हात नेला. "काय म्हणालात?"

"नाही. सही करणार नाही. ती मोकळी जागा नाही. ते यांचं अंगण आहे, आणि खोली यांची आहे. उद्या सकाळी सगळं हलवायचं. आधी कोण ते मी सांगतो. आधी मोटारी."

 पैलवानाने हात हळूच खाली घेतला. मुख्याध्यापिका बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. तेव्हा लक्षात आलं की मशीन थांबलंय. ताई वळून माझ्याकडे बघत होत्या.

"म्हणजे हा शब्द तुम्हाला येतो तर, भाऊ," त्या म्हणाल्या.

त्या चिडून बोलल्या असत्या तर चाललं असतं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं.